शंभरातले पाच आपले, मग गिरणी कोणाची?



यंदा दुसरा वेचा घरात यायच्या आत आपल्या भागात पुन्हा पावतीपुस्तके फिरू लागली आहेत. सूतगिरणी निघणार आहे म्हणतात. जागा पाहून झाली, नाव ठरले, आता फक्त शेअर गोळा व्हायचे आहेत. गावोगावच्या सभांमधून सांगतात की कापूस आपला असताना सूत दुसऱ्याने का काढायचे? पाच रुपये तुम्ही टाका, पंचाण्णव आम्ही आणतो. टाळ्या पडतात. मीही अशा एका सभेत मागच्या सतरंजीवर बसलो होतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपले चांगले कार्यकर्तेही होते.

येत्या जिल्हा बैठकीत या गिरणीला पाठिंबा देण्याचा ठराव येणार आहे. मी त्याच्या विरोधात बोलणार आहे. बैठकीत दहा मिनिटे मिळतात आणि त्यातली पाच माईक ठीक करण्यात जातात, म्हणून सगळे इथे लिहून ठेवतो. ज्याला पटणार नाही त्याने बैठकीत उत्तर द्यावे.

गिरणीसाठी भांडवल उभे करणे ही काही नवी गोष्ट नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात एक माणूस पैसे मागत फिरला होता. त्याला पैसे कोणी दिले, कोणी दिले नाहीत आणि का दिले नाहीत, हे नीट पाहिले तर आजच्या पावतीपुस्तकाचा अर्थ लागतो.

तो माणूस जमशेटजी टाटा. आज टाटा म्हटले की लोकांना पोलाद आणि मोटारी आठवतात. पण १८७४ साली ते पस्तिशीतले, नवसारीकडचे, मुंबईत व्यापार करणारे गृहस्थ होते. १८६९ साली त्यांनी मुंबईत चिंचपोकळीला बुडालेली एक तेलाची गिरणी घेतली, तिथे सूत काढण्याची यंत्रे बसवली आणि दोनेक वर्षांत ती फायद्यात विकून टाकली. मग लँकेशायरला जाऊन तिकडचा धंदा डोळ्यांनी पाहिला. परत आल्यावर सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना यांनी नागपूर निवडले. हिशेब साधा होता. कापूस इथे पिकतो, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचलेली, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि कापड घेणारी माणसेही भोवतालीच. मुंबईची गिरणी वऱ्हाडातून कापूस नेते आणि कापड करून परत वऱ्हाडातच विकायला पाठवते. मग दोन्हीकडचे गाडीभाडे कशाला भरायचे?

१८७४ साली ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ उभी राहिली. भांडवल पंधरा लाख रुपये. नागपुरात जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन घेतली. ती भरून काढायला गाड्यांच्या गाड्या माती ओतावी लागली. त्या वेळी इथल्या एका मोठ्या सावकाराकडे पैसे मागितले, तेव्हा त्याने नकार दिला. हा माणूस सोने मातीत घालतो आहे, अशा माणसाला मी पैसे देत नाही, अशा अर्थाचे तो बोलला. पुढे गिरणी चालली, तेव्हा त्याच सावकाराने कबूल केले की यांनी माती घातली आणि सोने काढले. टाटांच्या चरित्रांतून ही गोष्ट छापली जाते आणि वाचणारे सावकाराला हसतात. पाहा, किती आखूड नजर!

मला तो सावकार मूर्ख वाटत नाही. त्याच्या पेढीवर बसून हिशेब करून पाहा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस इंग्लंडला जाणे थांबले आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना, म्हणून समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांपासून वाटेल त्या कंपन्यांचे शेअर निघाले. युद्ध संपले, भाव पडला आणि १८६५ च्या उन्हाळ्यात तो सगळा कागद कागदच राहिला. मोठमोठ्या पेढ्या बसल्या. खुद्द टाटांच्या पेढीलाही तो फटका बसला होता. दहा वर्षांपूर्वीची ही राख अजून गरम असताना कोणी म्हणाले, शेअर घ्या, तर कोण घेईल?

आणि दुसरीकडे त्या सावकाराला काय मिळत होते? खायला ज्वारी आणि पेरायला सरकी त्याने कास्तकाराला जेठ-आषाढात द्यायची, आणि दिवाळीनंतर कापूस घरी आणून घ्यायचा. व्याज वेगळे, भावातली काट वेगळी, वजनातली वेगळी. बुडाले तर शेत आहेच. असा धंदा हाती असताना तीन वर्षांनी चालू होणाऱ्या आणि चालेलच याचा भरवसा नसलेल्या गिरणीत तो पैसा का घालेल? त्याला सोने मातीत घालायची गरज नव्हती, मातीतून सोने काढणारा कास्तकार त्याच्या दारात उभा होताच. कंपनी उभी राहिली १८७४ ला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. कापसाचा भाव पडल्यावर कर्ज फिटेना, त्याचाच तो भडका होता. एका बाजूला शेतकरी खतपत्रे जाळतो आहे आणि दुसऱ्या बाजूला गिरणीला भांडवल मिळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कास्तकाराला लुटून जे मिळते ते कारखान्यातल्या नफ्यापेक्षा जास्त आणि बिनधोक असेल, तर त्या मुलखात कारखाना कोणी काढत नाही.

मग पंधरा लाख आले कुठून? बहुतांश मुंबईहून. जमशेटजींचे स्वतःचे आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्या, नात्यागोत्याच्या व्यापाऱ्यांचे. कास्तकाराला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी त्याच्याजवळ काय होते? मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ साली पाच लाखांची कंपनी केली तेव्हा एकेक शेअर पाच हजारांचा होता. त्या काळचे पाच हजार म्हणजे गावाचे गाव. ही मेजवानी मोठ्या व्यापाऱ्यांचीच होती. आपण फक्त कापूस नेऊन टाकायचा.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीला राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा दरबार होता, म्हणून तिचे नाव पडले एम्प्रेस मिल. सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग. पण सुरू झाली आणि धो धो पैसा आला असे झाले नाही. पहिली यंत्रे स्वस्त पाहून घेतलेली होती, ती हलकी निघाली. सूत नीट निघेना. शेअरचा भाव उतरला. ज्यांनी पैसे दिले होते त्यांच्या पोटात गोळा आला असेल. आज आपल्याकडे असे झाले असते तर अध्यक्षांनी मुंबईला शिष्टमंडळ नेले असते आणि सरकारकडे आणखी भागभांडवल मागितले असते. जमशेटजींना ती सोय नव्हती. पैसे त्यांचे आणि त्यांच्या माणसांचे होते. रोज तोंड दाखवायचे होते. त्यांनी चूक कबूल केली, यंत्रे बदलली, आणि लँकेशायर जुन्या म्यूलवरच समाधानी होते तेव्हा नवी रिंगची पद्धत नागपुरात लावून पाहिली. बेझनजी मेहता नावाचे रेल्वेतले अधिकारी व्यवस्थापक म्हणून आणले. त्यांना गिरणीतले काही कळत नव्हते, पण माणसे आणि हिशेब कळत होते. तांत्रिक बाजू ब्रुक्सबी नावाच्या इंग्रजाने सांभाळली. पुढे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची तजवीजही केली.

यात आणखी एक बारकी गोष्ट आहे. माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. त्या वेळी मुंबईच्या गिरण्या ‘एजंट’ चालवत. ज्याने कंपनी काढली तो एजंट, आणि त्याला कमिशन मिळे ते उत्पादनावर, सुताच्या दर पौंडामागे पाव आणा. गिरणीला फायदा होवो की तोटा, सूत निघाले की एजंटचा पाव आणा पक्का. माल गोदामात पडून सडला तरी चालेल, पण चात्या फिरल्या पाहिजेत. शेअरवाला मरो. जमशेटजींनी आपल्या गिरण्यांतून ही रीत मोडली आणि नफा झाला तरच कमिशन, अशी पद्धत घातली. मी काही त्यांचे गोडवे गायला बसलेलो नाही. ते धंदेवाले होते, धर्मार्थ दवाखाना चालवत नव्हते. पण दुसऱ्याचे पैसे वापरणाऱ्याने आपली मिळकत त्या पैशाच्या मिळकतीला बांधून घ्यावी, हे त्यांना कळले होते. आपल्या सूतगिरण्यांना ते कधीच कळले नाही, किंवा कळूनही सोयीचे नव्हते.

त्याच सुमारास, १८७६ साली, तिकडे कानपूरला लोकरीची गिरणी निघाली. पुढे तिचेच नाव ‘लाल इमली’ म्हणून देशभर झाले. घरात जुनी लाल इमलीची शाल किंवा घोंगडी असेल तर म्हाताऱ्यांना विचारा. ती काढणारे चार-पाच गोरे गृहस्थ होते. जॉर्ज अॅलन, गॅविन जोन्स, कूपर आणि त्यांत एक डॉक्टरसुद्धा. टाटांसारखी त्यांना गिऱ्हाइकाची चिंता नव्हती. फौजेला घोंगड्या लागत होत्या आणि कानपूर ही छावणीच होती. माल घेणारा दारात उभा आहे हे पाहून मग गिरणीत पैसा घातला. लोकर मेंढपाळांची, घोंगडी शिपायाच्या अंगावर, आणि मधला सगळा व्यवहार या पाच जणांचा. मेंढपाळाला कोणी शेअर दिला नाही, पण त्याच्याकडून वर्गणीही काढली नाही, एवढे तरी म्हणावे लागेल.

आणि ज्यांना वाटते की गिरणी म्हणजे मोठीच हवी, त्यांनी अहमदाबादचे रणछोडलाल छोटालाल आठवावेत. हा मनुष्य टाटांसारखा व्यापाऱ्याचा मुलगा नव्हता, सरकारी नोकरीत होता. गिरणीची कल्पना घेऊन कित्येक वर्षे फिरला. अहमदाबादच्या पेढीवाल्यांनी दाद दिली नाही, त्यांना हुंड्या आणि अफू यांत बरे मिळत होते. शेवटी भांडवल जमले. लंडनहून यंत्रे मागवायला दादाभाई नौरोजींनी मदत केली, तर ती यंत्रे समुद्रातच गेली. पुन्हा मागवली. तेव्हा अहमदाबादला रेल्वे नव्हती, म्हणून खंबायतच्या बंदरातून बैलगाड्यांवर घालून आणली. १८६१ साली गिरणी सुरू झाली तेव्हा चात्या किती होत्या? अडीच हजार. आजच्या सहकारी गिरणीच्या दहावा हिस्सा. अडीच हजार चात्यांवर त्याने धंदा शिकून घेतला, नफा दाखवला, मग वाढवला. त्यानंतर त्याच पेढीवाल्यांनी आपण होऊन पैसे आणून दिले. अहमदाबाद पुढे किती वाढले ते सांगायला नको.

आता आपल्याकडे या.

महाराष्ट्रात सहकारी सूतगिरणीचे भांडवल कसे उभे राहते हे पावतीपुस्तकवाले अर्धेच सांगतात. शंभर रुपये लागतात असे धरा. त्यांतले पाच सभासद शेतकऱ्यांचे, पंचेचाळीस राज्य सरकारचे भागभांडवल आणि पन्नास कर्ज. पाच, पंचेचाळीस, पन्नास. आपण एक रुपया टाकला की सरकार नऊ टाकते, आणि त्या दहावर बँका आणखी दहा देतात. ऐकायला किती गोड! पाच रुपयांत शंभराची गिरणी! आपले काही मित्र म्हणतातही, “अहो, सरकार देते आहे तर घ्या ना. आपल्या घामाचेच पैसे आहेत ते.”

घामाचेच आहेत हे खरे. पण पैसे घातल्यावर राखण कोण करणार ते पाहा. सभासदाचे शंभरात पाच, तेही पाच हजार जणांत वाटलेले. बुडाले तर एका माणसाचे हजार-पाचशे जातात. तो चार शिव्या देतो आणि निंदणाला जातो. सरकारचे पंचेचाळीस म्हणजे कोणाचेच नाहीत. ज्या खात्याने द्यायचे त्याचा मंत्री बदलतो. बँकेच्या पन्नासाला पुन्हा सरकारचीच हमी, म्हणजे बँकेलाही झोप लागते. आणि ज्याने पावतीपुस्तक छापले, तो अध्यक्ष? त्याचा स्वतःचा किती? तुमच्याइतकाच एक शेअर. पण जागा कोणाची घ्यायची, इमारतीचा ठेका कोणाला, यंत्रे कोणाकडून, नोकऱ्या कोणाच्या भाच्याला, हे सगळे त्याच्या हातात. गिरणी चालली तर तो मोठा, आणि न चालली तरी तो आमदार. एम्प्रेसची यंत्रे हलकी निघाली तेव्हा ज्याचा जीव खाली-वर झाला, तसा इथे कोणाचाच होत नाही. सगळ्यांचे थोडे थोडे जाते आणि एकाचेच जमते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या वडिलांनी असा शेअर घेतला होता. मी तेव्हा शाळेत होतो. कापूस एकाधिकारातल्या खरेदी केंद्रावर जायचा, आणि चुकाऱ्यातून भांडवल उभारणीच्या नावाने कपात व्हायचीच. त्यात तालुक्यातली सूतगिरणी निघाली. केंद्रावर चुकारे घ्यायला गेले की शेजारीच टेबल मांडलेले. चुकारा मोजून घेतला की शेअर घ्या म्हणत. कोण नाही म्हणेल? पुढच्या हंगामात याच माणसांपुढे गाडी उभी करायची असते. भूमिपूजन झाले, कुंपणाची भिंत झाली, लोखंडी कमान झाली. यंत्र काही आले नाही. मी कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन परत आलो तेव्हा त्या भिंतीच्या आत बकऱ्या चरत होत्या आणि कमानीवरच्या नावातली तीन अक्षरे पडली होती. घरी ट्रंकेत ती पावती होती. मी म्हटले, टाकून द्या आता. वडील म्हणाले, “राहू दे. पैसे गेले तं गेले, कागद काऊन फेकाचा?” ते गेल्यानंतरही ती पावती तशीच आहे. पैशाचे दुःख मला तेवढे नाही. आमच्या गावात पुढे दुसऱ्या एका चांगल्या कामासाठी, साध्या गोदामासाठी, पैसे मागायला मी फिरलो तेव्हा जे मला ऐकावे लागले, त्याचे आहे. एका बुडालेल्या पावतीपुस्तकाने पुढची तीस वर्षे गावाचा हात खिशात अडकून राहतो. १८६५ नंतर मुंबईत झाले तेच.

बरे, समजा यंत्रे आली. मग पुढचा हिशेब करा. पंचवीस हजार चात्यांच्या गिरणीला मोटामोटी दिवसाला पन्नास ते साठ गाठी रुई लागते. गाठ १७० किलोची. वर्षाला धरा वीस हजार गाठी. खंडीचा, म्हणजे ३५६ किलोचा, भाव पंचावन्न हजार धरला तर वर्षाच्या रुईचे झाले पन्नास कोटींच्या वर. कापूस बाजारात येतो कार्तिक ते माघ, आणि चात्या बाराही महिने फिरायच्या. म्हणजे चार महिन्यांची रुई भरून ठेवायची म्हटली तरी सतरा-अठरा कोटी रोकड हाती पाहिजे. हे इमारत आणि यंत्रे यांच्या खर्चात धरलेले नसते. शेअर गोळा करताना याबद्दल कोणी अक्षर काढत नाही. गिरणी सुरू होते, फोटो निघतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात रुई संपते. मग गिरणी दुसऱ्याचे सूत कातून देऊ लागते, म्हणजे मजुरीवर. विजेचे बिल थकते. मग टाळे. चालू भांडवलाच्या अभावी मेलेल्या गिरण्या यंत्रांच्या अभावी मेलेल्यांपेक्षा कमी नसतील.

आता यातला खरा खोडा सांगतो, आणि यावर बैठकीत चर्चा व्हावी असे मला मनापासून वाटते. गिरणीला कापूस स्वस्त हवा आणि आपल्याला महाग हवा. ही गिरणी सहकारी असो, टाटांची असो की सरकारची. २०१० साली आणि पुन्हा २०१२ साली केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा कापूस देशातच राहिला पाहिजे म्हणून ओरड कोणाची होती? सूतगिरण्यांची. त्यांत सहकारीही आल्या. उद्या मी त्या गिरणीचा सभासद असेन, तर निर्यातबंदी आली की मी कोणत्या बाजूला उभा राहू? क्विंटलमागे पाचशे रुपये भाव पडला तर वीस क्विंटलवाल्या कास्तकाराचे दहा हजार जातात. गिरणीचा त्यात फायदा झाला तर त्याच्या हजाराच्या शेअरवर शंभर-दीडशे लाभांश मिळेल, तोही जाहीर झाला तर. शंभरात पाचाचा मालक झालेल्याने आपल्याच भावाविरुद्ध घोषणा द्यायच्या काय? गिरणी पूर्ण आपली असती तर गोष्ट वेगळी होती. भावात गेले ते नफ्यात परत आले असते. पाच टक्क्यांत काहीच परत येत नाही.

नागपूरला एम्प्रेस आली म्हणून वऱ्हाडच्या कास्तकाराला कापसाचा भाव वाढून मिळाला काय? कापूस मुंबईला न जाता नागपूरला गेला तर भाडे वाचते, पण वाचलेले भाडे ज्याची गिरणी त्याच्या घरात राहते. भाव ठरायचा तो लिव्हरपूलच्या तारेवर. टाटांनी भले फायद्यातून कामगारांना काही दिले असेल, कास्तकाराचा त्यात संबंधच नव्हता. ती गिरणी १९८६ साली राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ साली कायमची बंद झाली. सव्वाशे वर्षे. त्या जागेवर आता मॉल आहे. परवा मुलीला घेऊन तिथे गेलो होतो. तिथे विकायला असलेल्या शर्टांच्या पट्ट्या मी उलटून पाहत होतो तर ती म्हणाली, बाबा, घ्यायचा नाही तर हात कशाला लावता? कानपूरची लाल इमलीही १९८१ साली सरकारच्या ताब्यात गेली आणि गेली कित्येक वर्षे बंद पडून आहे. तेव्हा गिरणी म्हणजे कायमचे सोने असेही कोणी समजू नये.

“मग काय, कास्तकाराने फक्त कापूसच पिकवत बसायचे?” असे मला आत्ताच एका कार्यकर्त्याने फोनवर विचारले. नाही. मी रणछोडलालांचा रस्ता म्हणतो आहे. सुतापर्यंत उडी मारू नका. आधी सरकीपर्यंत या.

शंभर किलो कापसातून चौतीसेक किलो रुई निघते आणि साठाच्या वर सरकी. आपण विकतो कापूस, पण व्यापारी भाव लावतो तो रुईचा उतारा आणि सरकीचा भाव पाहून. आपल्यातल्या किती जणांना स्वतःच्या शेतातल्या कापसाचा उतारा माहीत आहे? मी कृषी पदवीधर, मलाही नोकरी सोडून शेती करू लागेपर्यंत माहीत नव्हता. छत्तीस उतारा देणारा आणि बत्तीस देणारा कापूस एकाच भावात एकाच ढिगावर पडतो. ज्याचा छत्तीस तो चार किलो रुई फुकट देऊन घरी येतो. एक लहान जिनिंग आपले असले तर पहिला फायदा नफ्याचा नाही, माहितीचा आहे. सरकी आपल्याच जनावरांना राहते. गाठी बांधून बाजार पाहून विकता येतात. हंगाम चार-पाच महिन्यांचा, पैसा वर्षभर अडकत नाही. आणि मुख्य म्हणजे एवढे भांडवल दोन-तीनशे कास्तकार सरकारच्या पंचेचाळिसाशिवाय उभे करू शकतात. जिनिंगवाल्याला कापूस महाग झाला तर रडावे लागते हे खरे, पण तिथे मालकी शंभर टक्के असेल तर एका खिशातून दुसऱ्या खिशात.

त्यासाठी २००२ साली कायद्यात आलेली उत्पादक कंपनी हे बरे साधन आहे. तिथे शेअर किती का असेना, सभासदाला मत एकच. पण कायदा चांगला म्हणून कंपनी चांगली होत नाही. त्याही नावाची पावतीपुस्तके आता फिरू लागलीच आहेत. म्हणून ती सूतगिरणी असो की जिनिंग, पैसे मागायला येणाऱ्याला मी जे विचारीन ते तुम्हीही विचारा. तुझे स्वतःचे किती आहेत? एक शेअर चालणार नाही. तुझी जमीन, तुझी बंडी, तुझ्या बायकोचे दागिने यांच्या मानाने ते लागले पाहिजेत, आणि बुडायची वेळ आली तर तुझे आधी बुडाले पाहिजेत. माझे पैसे ठरलेली रक्कम जमेपर्यंत बँकेत वेगळे राहतील काय, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत जमली नाही तर चिठ्ठी न पाठवता परत येतील काय? तुला मानधन कशावर मिळणार, नफ्यावर की पदावर? माल कोण घेणार, त्याचे नाव सांग. चालू भांडवल कुठून येणार? या शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस “होईल काही तरी” म्हणाला तर त्याला चहा पाजून रवाना करा.

आपल्या चळवळीतल्या जुन्या मंडळींचे मत आहे की आपण भाव मागायचा, धंदे काढायचे नाहीत. धंदे काढायला गेलेली संघटना धंद्याचीच होऊन जाते. हे मत मी हलके समजत नाही. म्हणूनच माझी सूचना अशी आहे की जिनिंग काढायचे ते काढणाऱ्या कास्तकारांनी आपल्या नावावर काढावे, आपल्या संघटनेचा बिल्ला त्यावर लावू नये, आणि आपल्या पदाधिकाऱ्याने तिथे पद घेतले तर इथले सोडावे.

बैठकीत मी दोन दुरुस्त्या मांडणार आहे. पहिली, पाच-पंचेचाळीस-पन्नासच्या कोणत्याही गिरणीला आपल्या व्यासपीठावरून पाठिंबा द्यायचा नाही आणि आपल्या कार्यकर्त्याने तिचे पावतीपुस्तक हातात धरायचे नाही. दुसरी, जिथे कास्तकार पूर्ण भांडवल स्वतःचे घालून जिनिंग काढू पाहतात, तिथे हिशेब तपासायला आणि उतारा मोजायला संघटनेने माणूस द्यायचा. तो माणूस म्हणून पहिल्या हंगामात मी बिनपगारी यायला तयार आहे.

ज्यांच्या घरी तालुक्यातल्या जुन्या सूतगिरणीच्या शेअरची पावती पडून असेल त्यांनी ती बैठकीला सोबत आणावी. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नये, मलाही नाही. नाव, गाव, रक्कम आणि साल वहीत उतरवून घ्यायचे आहे. आमची मी आणतोच आहे.